जिप्सी (१.६ स्वॅप) बंद केली की कूलंटच्या बॉटलमधून पाणी फेकते, तापमानाचा काटा मात्र जागेवर

जिप्सी_मानकापूर
नमस्कार मंडळी, डोकं आउट झालं म्हणून धागा काढून राहिलो. गाडी जिप्सी किंग एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली), १३०० चं इंजिन काढून जुन्या बलेनोचं १६०० टाकलंय (आरसीवर चढवलेलं आहे, त्यावरून प्लीज सुरू नका होऊ). मूळ रेडिएटर पुरणार नाही म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा जाड रेडिएटर बनवून घेतला, बेल्टवरचा पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन लावला, अन् हीटर काढून टाकला कारण नागपुरात हीटर कशाला पाहिजे राजेहो. कूलंट ५०-५० (निम्मं पाणी).

प्रॉब्लेम असा की चालवताना काहीच नाही. काटा निम्म्याच्या जरा खाली, तिथून हलत नाही. घरी येऊन बंद केली की मिनिट-दोन मिनिटांत बॉटलमध्ये गुडगुड सुरू, बॉटल गच्च भरते आणि मग तिच्या झाकणाच्या भोकातून हिरवं पाणी टपटप पोर्चमध्ये. सकाळी पाहतो तर बॉटल खाली गेलेली, म्हणजे थोडं परत आत ओढते, पण जे सांडलं ते सांडलं, रेडिएटरमध्ये टॉपअप करावंच लागते. हिवाळ्यात असं काही नव्हतं, मार्चपासून सुरू झालं आणि आता मे मध्ये तर रोजचं. परवा समृद्धीवर शिवमडक्याहून चढलो, शंभरच्या आसपास सलग चालवली तर न थांबताच बॉटल काठोकाठ.

गॅरेजवाल्यानं आधी रेडिएटरची कॅप बदलली, फरक शून्य. मग थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकला. आता म्हणते हेड गॅस्केट (हेड अन् ब्लॉकच्या मधलं सील) गेलं, इंजिन खोला. आकडा ऐकला आणि गाडी तशीच घरी घेऊन आलो. कोणाला असं झालंय का?

तर्रीवाला
गॅस्केटच हाये भाऊ. गुडगुड म्हटलं की गॅस्केट. माझ्या मामाच्या गाडीचं सेम टू सेम झालतं, बॉटलमध्ये बुडबुडे, पाणी बाहेर, हेड प्लेन करून आणलं तवा कुठं जमलं. काहून उगा डोकं लावता, खोलून टाका.

वर्धेकर
हवा अडकली असेल. हीटर काढलाय म्हणताय तर ते दोन पाईप कसे बंद केले? स्वॅपमध्ये बरेचदा रेडिएटरचं तोंड इंजिनच्या सगळ्यात वरच्या पाण्याच्या पॉइंटपेक्षा खाली राहतं, मग हवा इंजिनातच बसून राहते. नाक चढावर करून गाडी उभी करा, थंड गाडीत कॅप उघडी ठेवून सुरू करा, हळूहळू भरत जा, वरचा होज अधूनमधून दाबा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत.

जिप्सी_मानकापूर
@वर्धेकर ते केलं भाऊ, दोनदा. नाक चढावर म्हणाल तर गल्लीतल्या रॅम्पवर चढवून. दुसऱ्या वेळी बुडबुडे नाहीच आले. हीटरचे दोन्ही नळ एका तुकड्यानं जोडलेत.

मेकॅनिकल_ताई
गॅस्केटवर उडी मारण्याआधी थांबा जरा. पाणी कधी फेकते ते तुम्ही नीट लिहिलंत हे बरं केलं, आमच्याकडे बुटीबोरीला लोक नुसतं "ताई, तापते" एवढंच सांगतात आणि मग अर्धा तास खोदून काढावं लागतं. सिग्नलला उभी असताना तापून फेकत असती तर मी फॅन पाहिला असता, श्राउड (फॅनभोवतीचं कव्हर) आहे का, फॅन उलटा तर फिरत नाही ना (वायरी उलट्या जोडल्या की हवा पुढे फेकतो, कागद जाळीसमोर धरला की कळतं, चिकटला पाहिजे). हायवेवर काटा चढून फेकत असती तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा खालचा होज ओढला जाऊन चेपतोय असं म्हटलं असतं, त्या होजच्या आत स्प्रिंग असते ती कधी कधी गंजून गायब झालेली असते. तुमचं मुख्य दुखणं मात्र बंद केल्यानंतरचं आहे. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, पाणी जिथल्या तिथं, पण हेड तर तापलेलंच असतं ना, ती गरमी त्याच अडकलेल्या पाण्यात उतरते आणि पुढची काही मिनिटं पाण्याचं तापमान चालत्या गाडीपेक्षाही वर जातं. हे सगळ्याच गाड्यांत होतं, कंपनीतून आली तशा गाडीतसुद्धा. फरक एवढाच की तिथं दाब असतो म्हणून उकळी फुटत नाही.

तर एकच काम करा. गाडी फिरवून आणा, गरम असताना फडकं धरून वरचा होज दाबा. टणक लागतो की मऊ ते सांगा. मग सकाळी सुरू करायच्या आधी परत दाबा. कॅप गरम असताना उघडायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुण्यात_सध्या
माझ्या मते सरळ जास्त प्रेशरची कॅप लावा. स्टॉक ०.९ असेल तर १.३ लावा, ट्रॅकवाले हेच करतात. उकळण्याचा बिंदू वर गेला की विषय संपला.

जिप्सी_मानकापूर
@मेकॅनिकल_ताई ताई, आत्ता वर्धा रोडनं जामठ्यापर्यंत जाऊन आलो, पोर्चमध्ये लावली, लगेच दाबून पाह्यला. मऊ. एकदम मऊ, दोन बोटांनी चेपते. इकडं बॉटल गुडगुड करून राहिली आणि होज मात्र ढिला. सकाळचं उद्या सांगतो. इन्फ्रारेड गन मित्राकडून आणलीये, वरच्या होजला ९२, खालच्या होजला ७६.

मेकॅनिकल_ताई
म्हणजे तुमचा रेडिएटर काम करतोय. वरून ९२ ला आत येतं आणि ७६ ला बाहेर पडतं, मे महिन्याच्या नागपुरात हे वाईट नाही. आणि तुमच्या सिस्टीममध्ये दाबच तयार होत नाहीये.

गणित पाहा. साधं पाणी आपल्याकडे जवळपास ९९ ला उकळतं, ५०-५० कूलंट १०७ च्या आसपास. ०.९ ची कॅप धरली (म्हणजे साधारण ८८ किलोपास्कल) की तेच कूलंट १२५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे वीसेक डिग्रीची उसंत नुसत्या दाबानं मिळते. कुकरची रिंग नीट बसली नाही तर शिट्टी होत नाही आणि बाजूनं वाफ फुसफुसत राहते, तसं तुमचं चाललंय. गॅस कमी करा, डाळ बदला, काही उपयोग नाही.

हिवाळ्यात का नव्हतं तेही यात बसतं. डिसेंबरात बोनेटखाली हवा थंड, बंद केल्यावर हेडमधलं पाणी शंभरीच्या खाली राहत असणार. मे मध्ये ते १०७ ओलांडतं.

तर्रीवाला
पण ताई बुडबुड्यांचं काय? बुडबुडे म्हणजे सिलिंडरमधली हवा पाण्यात येऊन राहिली ना?

मेकॅनिकल_ताई
बुडबुडे दोन जातीचे असतात हो. गॅस्केट गेलं की थंड गाडी सुरू केल्या केल्या बुडबुडे येतात, इंजिन चालू आहे तोवर येतच राहतात, रेस दिली की वाढतात. आणि होज लवकर टणक होतो, गाडी पुरती तापायच्या आधीच, कधी कधी सकाळी थंड गाडीतही टणक राहतो, कारण ज्वलनाचा वायू रात्रभर कुठे जाणार. यांचे बुडबुडे इंजिन बंद झाल्यावर सुरू होतात. बंद इंजिन सिलिंडरमधून काय हवा ढकलणार? ती वाफ आहे.

खात्री करायची असेल तर ब्लॉक टेस्टर मिळतो, काचेच्या नळीत निळं द्रावण, ब्रोमोथायमॉल ब्लू. रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं. त्या द्रावणात कूलंट जाऊ द्यायचं नाही, नाहीतर टेस्ट वाया, म्हणून आधी लेव्हल थोडी कमी करायची. इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

आणि @पुण्यात_सध्या, १.३ ची कॅप इथं ०.९ इतकीच निरुपयोगी ठरेल, कारण आत्ता कॅप काही धरतच नाहीये. धरली असती तरी जुन्या इंजिनाच्या वॉटर पंपाचं सील, होज, अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग यांच्यावर ती बसवायची मी तरी सांगणार नाही.

काटोलरोड_आरटीओ_भक्त
स्वॅप केलेल्या गाड्यांबद्दल इथं सल्ला देण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) वाचा, सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये...

तर्रीवाला
आरसीवर चढवलं म्हटलं ना बे त्यानं पयल्याच पोस्टमध्ये. 😂

जिप्सी_मानकापूर
सकाळी पण मऊच. सीताबर्डीच्या एका ओळखीच्यानं ब्लॉक टेस्टर आणला, वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालू ठेवून पाह्यलं, निळं ते निळंच. मग त्यानं मुद्दाम नळीत तोंडानं फुंकर मारून दाखवली, लगेच पिवळं पडलं, म्हणजे द्रावण खराब नव्हतं. म्हणजे गॅस्केट शाबूत. पण ताई, कॅप तर नवीन आहे! दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लावून पाह्यल्या, दोन्ही ०.९ च्या. नवीन कॅप दोन्ही खराब कशा निघतील?

रेडिएटर_काका
मी तीस वर्षांच्या वर ट्रक-ट्रॅक्टरचे रेडिएटर जोडले, आता पोरगा पाहतो. बाळा, कॅप खराब नसेल. कॅप बसून राहिली का ते पाय.

कॅपले दोन रबर असतात. एक वर, पत्र्याले लागून, ते नुसतं बाहेर सांडू नये म्हणून. दुसरं खाली स्प्रिंगवर, ते नेकच्या (रेडिएटरच्या तोंडाच्या) आतल्या काठावर बसते आणि स्प्रिंग दाबल्या जाते, दाब धरायचं काम त्याचं. त्या खालच्या रबराच्या मधोमध एक बारीक चकती असते, नखानं ओढली की उघडते, गाडी थंड झाली की बॉटलमधलं पाणी तिच्यातून वापस येते. आता मेख अशी का नेक सगळे सारखे नसतात. एक उथळ येते, पाऊण इंचाच्या आसपास, एक खोल येते, इंचभर. वरून दोन्ही सारखेच दिसते, कॅप दोन्हीवर बसते, फिरते, लॉक होते, हाताले एकदम टाइट लागते. पण खोल नेकवर उथळवाली कॅप लावली तर खालचं रबर काठापर्यंत पोचतच नाही, लटकून राहते. टाइट लागते ते वरचं रबर. मग पाणी मोकळं बॉटलमध्ये जाते अन् मोकळं वापस येते. तुमचं तेच होऊन राहिलं. हायवेवर पंपानं जोर केला तरी ढकलल्या जाते.

बनवलेल्या रेडिएटरले जो नेक हाताशी असते तो वेल्ड करून देते लोक. पाहायचं असन तर खालच्या रबराले कडेनं ग्रीस लावा, थंड गाडीत कॅप पूर्ण फिरवून लॉक करा, काढा, अन् नेकच्या आत बोट फिरवा. काठाले ग्रीस लागलं पाहिजे.

मेकॅनिकल_ताई
काका, मान गए. मी कॅपपर्यंत आले होते, नेकच्या खोलीपर्यंत नसते आले इतक्यात.

जिप्सी_मानकापूर
काका!!! ग्रीस नव्हतं म्हणून बायकोची जुनी लिपस्टिक लावली (परवानगीनं). कॅप लॉक केली, काढली, मोबाइलचा टॉर्च मारून पाह्यलं. काठ कोरा करकरीत. रबरावर लिपस्टिक जशी लावली तशीच गोल, कुठं पुसलीसुद्धा नाही. मग भावाकडून व्हर्नियर आणला, नेकच्या वरच्या कडेपासून आतल्या काठापर्यंत २५ मिमी भरते, कॅपचं रबर १९ वरच थांबते. चक्क सहा मिमी हवेत लटकून होतं आणि मी दोन नवीन कॅपचे पैसे दिले, थर्मोस्टॅट काढून बसलो.

वर्धेकर
बाप रे. म्हणजे रेडिएटर बसवल्यापासून एक दिवसही दाब नव्हता.

पुण्यात_सध्या
काका, मग नेक बदलायचा की कॅप? दोन्हीपैकी स्वस्त आणि टिकाऊ काय?

रेडिएटर_काका
लांब रीचवाली (खालचं रबर खोलवर पोचणारी) कॅप मिळत असन तर तीच घ्या, नेक कापून नवीन वेल्ड करायले रेडिएटर उतरवा लागते अन् पातळ अ‍ॅल्युमिनियमवर दुसऱ्यांदा वेल्ड मारलं तर टाकी वाकडी व्हायची भीती. फक्त एक अडचण हाये, पुढं कधी रस्त्यात कॅप हरवली तर ढाब्याजवळच्या दुकानातली साधी कॅप चालणार नाही. म्हणून दोन घेऊन ठेवा, एक डॅशमध्ये. लावल्यावर प्रेशर टेस्टरचा हातपंप लावून प्रेशर पाहून घ्या. ०.९ पर्यंत मारायचं अन् दहा मिनिटं सोडून द्यायचं, काटा खाली नाही आला पाहिजे.

मेकॅनिकल_ताई
आणि थर्मोस्टॅट परत बसवा. कृपा करून. तो काढला की गाडी थंड राहते हा आपल्याकडचा फार जुना समज आहे, आणि "पाणी जोरात गेलं की थंड व्हायला वेळ मिळत नाही" हा त्यावरचा दुसरा समज, तोही चूकच. थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे पंप आणि हेडच्या मधल्या पाण्याला थोडा जास्तीचा दाब मिळतो, तो गेला की हेडच्या गरम जागांवर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, बारीक बारीक उकळी फुटायला लागते. शिवाय डिसेंबरात इंजिन तापणारच नाही, एमपीएफआयचा कॉम्प्युटर समजेल गाडी थंडच आहे आणि पेट्रोल जास्त ओतत राहील. जुना फेकला असेल तर नवा घ्या, बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात दोरीनं सोडा, ८२ छापलेला असेल तर साधारण तिथं तोंड उघडायला लागलं पाहिजे.

तर्रीवाला
बरं झालं इंजिन नाही खोललं. मी तर पयल्याच दिवशी खोलून टाकाले सांगतलं होतं, तुमी ऐकलं नाही हे तुमचं नशीब. पण काटा काहून गप बसून होता ते कोणी सांगन का? पाणी उकळून राहिलं अन् काटा निम्म्यावर?

मेकॅनिकल_ताई
काटा बंद गाडीत पाहणार कोण? किल्ली काढली की तोही झोपला. आणि चालू गाडीत खरंच सगळं ठीक होतं, ९२ म्हणजे ठीकच. पण एक लक्षात ठेवा, सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरं बोलतो. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर हवेत आला तर काटा उलट खाली येतो आणि आपण खूश होतो. मे २०२४ मध्ये आपल्या नागपुरात हवामान खात्याच्या एका केंद्रावर ५६ डिग्री दिसले होते ते आठवतं का? देशभर बातम्या झाल्या, नंतर सेन्सरमध्येच बिघाड निघाला. आकडा दिसला की आधी तो कुठून आला ते विचारायचं.

जिप्सी_मानकापूर
अपडेट. लांब कॅप नागपुरात दोन दिवस फिरूनही नाही भेटली, ऑनलाइन मागवली, ०.९ ची. लिपस्टिक टेस्ट परत केली, काठावर पूर्ण गोल रिंग उमटली, कुठं तुटक नाही. थर्मोस्टॅट नवा बसवला, पातेल्याची टेस्ट करून (वेगळं पातेलं, स्वयंपाकाचं नाही, त्यावरून घरी बोलणं झालंच).

काल भर दुपारी कोंढाळीपर्यंत जाऊन आलो, बाहेर ४५. आल्यावर होज दाबला तर दगडासारखा. बॉटलची लेव्हल बोटभर वर चढली आणि तिथंच थांबली, गुडगुड नाही. सकाळी बरोबर जुन्या खुणेवर. पहिल्यांदाच पोर्च कोरडं... असं वाटलं, पण डॅशच्या खालून, फायरवॉलजवळ (इंजिन अन् केबिनच्या मधला पत्रा) हिरवा ओघळ. शोधलं तर हीटरचे दोन नळ ज्या तुकड्यानं जोडले होते तो प्लॅस्टिकच्या पाण्याच्या पाईपचा तुकडा निघाला! इतके दिवस दाबच नव्हता म्हणून टिकला, आता दाब आला तर क्लॅम्पजवळ फुगून पाझरून राहिला. हे काय करू, दोन्ही नळांना बूच मारून टाकू का?

रेडिएटर_काका
बूच नको मारू. त्या इंजिनात काही पाणी त्या वाटेनं फिरते, थर्मोस्टॅट बंद असताना तेच पाणी त्याले गरमी दाखवते. दोन्ही नळ जोडूनच ठेव, पण रबराच्या हीटर होजनं, आत कापडाचा थर असते तो. लांबी मोजून घे, वळणावर चेपला नाही पाहिजे. स्क्रूवाले चांगले क्लॅम्प लाव. तो प्लॅस्टिकचा तुकडा आजच काढ, हायवेवर फुटला तर सगळं पाणी एका मिनिटात खाली अन् मग खरंच हेड जाईन.

मेकॅनिकल_ताई
बॉटल बोटभर चढणं नॉर्मल आहे. थंड्याचं गरम होईपर्यंत कूलंट चारेक टक्के फुगतं, पाच लिटरमागे दोनशे मिली. म्हणून बॉटल थंड असताना खालच्या खुणेच्या थोडी वर ठेवा, गच्च भरायची नाही, आणि आतली नळी तळापर्यंत गेलेली हवी, नाहीतर परत येताना हवा ओढेल. पोर्चमध्ये जे सांडलंय ते भरपूर पाण्यानं धुऊन काढा. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरी चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. टॉपअपला बोअरचं पाणी नको, आतून पांढरे थर चढतात. बॅटरीचं डिस्टिल्ड घ्या.

जिप्सी_मानकापूर
होज आणला, क्लॅम्प लावले, प्लॅस्टिक काढलं. पोर्च धुतलं. पंप लावून ०.९ मारलं, काटा दहा मिनिटं हलला नाही.

तर्रीवाला
आता ते १६०० चं इंजिन कसं पळते ते सांग. रविवारी रामटेकले येतो का?

जिप्सी_मानकापूर
येतो. सकाळी सहाला निघू, दुपारच्या आत वापस.